बटण दाबलेलंच होतं

अब्बा दुबईला गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यांच्या जाण्याचा राग मी त्यांच्या इंग्रजीवर काढला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांतले पुरुष आखातात होते. पत्रांऐवजी कॅसेटी यायच्या, सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. एका बाजूला अब्बा बोलायचे, दुसऱ्या बाजूला आम्ही बोलून तीच कॅसेट परत पाठवायचो. अब्बा तिथे गोदामात हमाली करत. इंग्रजी बोलता आलं तर साहेब त्यांना स्टोअरकीपर करणार होता. म्हणून कॅसेटच्या शेवटी ते पाच-सहा वाक्यं इंग्रजीत बोलायचे आणि म्हणायचे, "बेटा, चुकलं तर सांग हां. तू इंग्लिश शाळेतली हायस."

मी सांगायचे, पण कसं! अगदी बाईंचा आव आणून. त्यांची चूक सापडली की मला बरं वाटायचं. आम्हाला टाकून गेलात ना, मग भोगा.

एकदा आमची बाजू भरताना दूध उतू चाललं म्हणून अम्मी आत धावली. मी टेपजवळ एकटीच. अब्बांसारखी अडखळत मी त्यांची सगळी वाक्यं म्हटली, पोट धरून हसले आणि वर म्हणाले, "या माणसाला जन्मात जमायचं नाही." अम्मी परत आली, सगळ्यांना सलाम सांगून तिने रेकॉर्डिंगचं बटण बंद केलं. ते इतका वेळ दाबलेलंच होतं हे मला तेव्हा कळलं. पुसायचं तर अम्मीला सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट गेली.

पुढची कॅसेट दोन महिन्यांनी आली. अब्बांनी माझ्या परीक्षेची चौकशी केली, अम्मीच्या गुडघ्यांची केली. इंग्रजीचा एक शब्द नाही. मी शेवटपर्यंत ऐकत राहिले, पण नुसती खरखर होती.

ती कॅसेट आणणारे चाचा अब्बांच्याच खोलीत राहायचे. ते अम्मीला म्हणाले, "घरची कॅसेट आली की आमी आठही जण टेपभोवती बसतो, भाभी. साहेबानं बोलवलेलं त्याला. गेलाच नाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दोन वर्षांनी अब्बा सुट्टीवर आले, अजून हमालच. एका दुपारी धीर करून मी म्हटलं, "अब्बा, आपण दोघंच इंग्रजीत बोलू या ना. चुकलं तरी मी हसणार नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू बोल, बेटा. मी ऐकतो."