गिरीजच्या बाईंनी सांगितलं होतं

माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली. तो परत येणार, असं तुळिंजच्या बाजारात भाजी विकणाऱ्या, गिरीज गावच्या एका बाईंनी सांगितलंय, असं आई म्हणते. त्या बाईंना पुढचं दिसतं, असं आईच्या सगळ्या बिल्डिंगमध्ये बोललं जातं. त्या भरवशावर आई फ्लॅट सोडून माझ्याकडे राहायला येत नव्हती. म्हणून एका दुपारी मी गिरीजला बाईंच्या वाडीत गेले, खरं काय ते विचारायला.

बाई केळींच्या सावलीत अळूच्या जुड्या बांधत होत्या. शेजारच्या पाटातून पाणी सरकत होतं. पानांतून उतरणाऱ्या हिरव्या उजेडात त्यांचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. बोलण्याआधी त्या डोळे मिटून घेत. यांना पुढचं दिसतं, असं लोकांना वाटायला तेवढंच पुरलं असावं.

"मी कुठं काय सांगितलं, बाय?" त्या म्हणाल्या. "तुझी आईच रोज विचारायची, येईल ना हो तो? मी नुसती मान हलवायची. मला कसलं पुढचं दिसतंय!"

म्हणजे असं कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी पाटाच्या कडेला बसून राहिले. बाईंनी ते पाहिलं. हातातली जुडी खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"आता मात्र सांगते," त्या म्हणाल्या. "येईल तो."

ते सगळं खोटं ठरवायला गेलेल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "कधी?"