सुनेची निवडणूक आणि माझा फोटो

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला टाळणं शिकवावं लागत नाही, त्यामुळे टाळली तीही सफाईनं. कोणी विषय काढला की मला खोकला यायचा. आता मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि खोकला खरोखरच येतो, तेव्हा ती सोय गेली. म्हणून सांगून टाकतो : आमच्या गावच्या सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत माझी सून उभी होती, आणि तिच्या विरोधकाच्या प्रचारपत्रकावर माझा फोटो होता. हसरा. हातात चहाचा कप.

गाव म्हणजे अमेरिकेतल्या रेडमंडपासून अर्ध्या तासावरचं, भरपूर झाडं आणि त्याहून भरपूर पाऊस असलेलं. माझा मुलगा समीर आणि सून मानसी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मला ग्रीन कार्ड होतं, म्हणजे राहायची परवानगी होती, मत नव्हतं. माझं काम एकच : रोज चालत लायब्ररीत जाणं. त्या रस्त्याला तेव्हा फूटपाथ नव्हता. एक दिवस मोठा ट्रक आला, मी सभ्यपणे बाजूला झालो, आणि बाजूला नाली होती. मी, लायब्ररीची दोन पुस्तकं आणि माझी छत्री असे चौघं आत गेलो. वर ब्लॅकबेरीचे काटे.

मानसी नागपूरची. ती रागावली की तिचं पुण्यातलं सगळं शिक्षण गळून पडतं. ती कौन्सिलच्या सभेत गेली, मिळालेल्या तीन मिनिटांत नाली, सासरा आणि काटे हे तिन्ही मुद्दे मांडले. उत्तर मिळालं, या विषयाचा अभ्यास करण्यात येईल.

"अभ्यास?" घरी येऊन तिनं पर्स सोफ्यावर आपटली. "आमचे बाबा नालीत पडले अन् हे लोक अभ्यास करून राहिले! मीच उभी राहते."

"अगं, ऑफिस?" समीर म्हणाला.

"ऑफिस करूनच. तू पोळ्या शीक."

अशी ती उभी राहिली. कोणासाठी? माझ्यासाठी! हे लक्षात ठेवा, कारण मी विसरलो होतो.

त्या जागेवर बारा वर्षं हॅरल्ड नावाचा गृहस्थ निवडून येत होता. अग्निशमन दलातून निवृत्त, विधुर, वय माझ्याच आसपास. प्रचाराला माणसं ठेवायची नाहीत, स्वतः दारोदार जायचं, हा त्याचा नेम. सप्टेंबरच्या मध्याला एका सकाळी त्यानं आमची बेल वाजवली. घरात मी एकटा. (आमची सौ. पुण्याला मुलीकडे गेली होती. ती असती तर हा लेख दोन ओळींत संपला असता.)

"मी हॅरल्ड. सिटी कौन्सिलसाठी उभा आहे," तो म्हणाला. इंग्रजीत, अर्थात.

सांगायचं होतं ते त्याच क्षणी. 'माझी सून तुमच्या विरोधात उभी आहे, नमस्कार.' एवढंच वाक्य! पण त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. अशा माणसाला दारात उभं ठेवून असं बोलायचं? आधी आत घेऊ, मग सांगू. आत घेतल्यावर बसा म्हणावं लागलं. बसल्यावर चहा आला. आल्याचा चहा पिऊन त्यानं डोळे मिटून "आहा" म्हटलं, आणि आपला चहा पिऊन आहा म्हणणाऱ्या माणसाला तू आमचा प्रतिस्पर्धी आहेस हे सांगायला वाघाचं काळीज लागतं. मी पोहे केले.

त्याला कळायला काही मार्गही नव्हता. मानसी माहेरचं बोकारे आडनाव लावते, मी लिमये. आणि तिच्या पाट्या अजून छापून यायच्या होत्या.

हॅरल्ड तासभर बसला. मी माझी नालीची हकीकत सांगितली. त्यानं वही काढून टिपून घेतली. मग मी धरणांच्या गोष्टी सांगितल्या, त्याही त्यानं ऐकल्या. खरं सांगायचं तर त्या घरात दिवसाउजेडी केवळ माझ्याशी बोलायला बसलेला तो पहिला माणूस होता. समीर आणि मानसी प्रेमळ आहेत, पण ती दोघं सात मीटिंगांच्या मधून माझ्याकडे बघून हसत असत.

माझं नाव त्याला पूर्ण उच्चारता येत नव्हतं. उठताना त्यानं विचारलं, "मग मिस्टर डॅट, तुमचा पाठिंबा मी धरू ना?"

"ऑफ कोर्स, ऑफ कोर्स!" मी म्हणालो.

आपल्याकडे याचा अर्थ 'चहा संपला, पाऊसही थांबलाय' एवढाच होतो. हॅरल्डनं त्याचा अर्थ पाठिंबा असा घेतला!

पुढच्या आठवड्यात मानसीच्या पाट्या आल्या. निळ्या, तारेच्या दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या, अंगणात रोवायच्या. समीरनं एक आमच्या हिरवळीवर रोवली. शुक्रवारी अकरा वाजता मी खिडकीतून बघतो तो हॅरल्ड रस्त्यानं येतोय! मी मोजे घातलेल्या पायांनी बाहेर धावलो, पाटी उपटली आणि बुटांच्या कपाटामागे सारली. का? त्याला वाईट वाटू नये म्हणून!

"तुमचं अंगण मोकळंच आहे की!" हॅरल्ड आनंदानं म्हणाला आणि त्यानं गाडीतून स्वतःची लाल पाटी आणली. "रोवू का?"

"ऑफ कोर्स!"

त्यानंतर तीन आठवडे मी पाळी पद्धतीनं पाणी सोडावं तशी लोकशाही चालवली. हॅरल्ड यायचा त्या मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहा ते साडेबारा लाल पाटी, एरवी निळी. एका मंगळवारी साडेबाराला माझा डोळा लागला आणि लाल पाटी तशीच राहिली. जागा झालो तेव्हा समीरची गाडी वळत होती. मी लाल पाटी उपटली, पण ठेवायला जागा नव्हती, म्हणून सदऱ्याच्या आत घातली.

"बाबा, काय झालं? असे ताठ का उभे आहात?"

"पाठ," मी म्हणालो. पाठीला पाठिंबा असा लाल अक्षरांत होता.

इथवर मी फार तर बावळट होतो. गुन्हेगार झालो तो त्यानंतरच्या शुक्रवारी. हॅरल्ड फॉर्म घेऊन आला. त्यावर स्वच्छ इंग्रजीत छापलं होतं : मी हॅरल्डच्या उमेदवारीला जाहीर पाठिंबा देत आहे, माझं नाव आणि छायाचित्र प्रचारात वापरायला माझी हरकत नाही. मी तो फॉर्म दोनदा वाचला. बत्तीस वर्षं इंग्रजीत कार्यालयीन पत्रांचे मसुदे लिहिलेला माणूस आहे मी, मला त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं. पण समोर हॅरल्ड दुसऱ्यांदा पोहे घेत होता, आणि म्हणत होता, "तुमच्या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास बसेल." माझ्या चेहऱ्याबद्दल इतकं चांगलं कोणी शेवटचं कधी बोललं होतं, आठवेना. मी सही केली. सहीखाली तारीख घालायची राहिली होती, तीही मीच आठवणीनं घातली! मग त्यानं फोटो काढला.

पत्रक आलं ते नेमकं मतपत्रिका घरोघर पोचलेल्या आठवड्यात. इथे मतपत्रिका टपालानं येतात, लोक घरी बसून भरतात. माझी नात इरा टपाल घेऊन आत आली.

"आबा, why are you on this?"

मानसीनं पत्रक घेतलं. समीरनं तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"बाबा, हा तुमचा मरून स्वेटर आहे."

"तसे पुष्कळ असतात," मी म्हटलं.

"आत तुम्ही आहात, बाबा!"

मानसीनं पत्रक खाली ठेवलं. ती रोज रात्री जेवणानंतर रेनकोट घालून घरोघर जात होती, सर्दीनं तिचा आवाज बसला होता. तिनं त्या बसलेल्या आवाजात हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला मी निवडून यावं असं नाही वाटत का?"

त्या प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "मला काय माहीत गं! तो आला, चहा प्यायला, फोटो काढला. मला वाटलं आठवण म्हणून. सहीबिही मी कशावर केली नाही."

बघता बघता मानसीचा आवाज परत आला. "म्हणजे म्हाताऱ्या माणसाला फसवलं? माझ्या सासऱ्यांना?" तिनं त्याच रात्री गावच्या ऑनलाइन ग्रुपवर लिहिलं, की माझ्या वयोवृद्ध सासऱ्यांचा फोटो त्यांच्या परवानगीशिवाय वापरला आहे. सकाळपर्यंत सगळं गाव हॅरल्डवर तुटून पडलं. ज्या माणसानं या लोकांच्या घरांच्या आगी विझवल्या, त्याला लोक लबाड म्हणू लागले. समोरची बाई माझ्यासाठी केक घेऊन आली. (मी खाल्ला. लिंबाचा होता.)

त्या शनिवारी लायब्ररीत दोन्ही उमेदवारांची जाहीर सभा होती. समीरनं मला पहिल्या रांगेत बसवलं, पीडित म्हणून. पहिलाच प्रश्न आला, "हॅरल्ड, त्या वृद्ध गृहस्थांच्या फोटोचं काय?"

हॅरल्ड उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोवर त्याला सून आणि सासरा हे नातं कळलंच होतं. त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, आणि मला कळलं की फॉर्म तिथे आहे. माझी सही, माझ्या हातची तारीख! मी डोळे मिटले.

खिशातून रुमाल निघाला. त्यानं कपाळ पुसलं.

"चूक माझी आहे," हॅरल्ड म्हणाला. "मिस्टर डॅटनी मला घरात घेतलं, खाऊ घातलं. त्यांच्या चांगुलपणाला मी पाठिंबा समजलो. मी त्यांची आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागतो."

मी उठायला हवं होतं. गुडघ्यांवर हात ठेवून मी अर्धा उठलोही! पण समीरला वाटलं मला बाथरूमला जायचंय. तो मला धरून घेऊन गेला. मला जायचं नव्हतं, पण नको कसं म्हणायचं? मी जाऊन आलो.

मानसी थोडक्या मतांनी निवडून आली. माझा फोटो नसता तर काय झालं असतं, देव जाणे.

यातली चांगली गोष्ट अशी, की निवडून आल्यावर मानसीनं पहिला फोन हॅरल्डला केला. "गावातली प्रत्येक नाली तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली, "माझ्याबरोबर काम कराल का?" त्यानं केलं. दोघं पावसात मोजपट्टी घेऊन फिरली, भांडली, पुन्हा फिरली. गेल्या वर्षी फूटपाथ झाला. मी त्यावरून रोज लायब्ररीत जातो, शाळेची मुलं जातात, एक आजी व्हीलचेअरवरून जाते. हॅरल्ड दर शुक्रवारी आमच्याकडे पोहे खातो. मानसी त्याला काका म्हणते, आणि तो ओ देतो.

आणि दर शुक्रवारी मी ठरवायचो की आज सांगायचं. एकदा मानसी आत आली. एकदा कुकरची शिट्टी झाली. एकदा तर मी "हॅरल्ड, मला तुला काही सांगायचंय" इथवर पोचलो, तर तो म्हणाला, "पोह्यांत आज मीठ जास्त आहे, तेच ना? मी काही बोललो नाही."

मागच्या महिन्यात मला राहवेना. मी मानसीला सगळं सांगितलं. फॉर्म, तारीख, सदऱ्यातली पाटी, सगळं.

"म्हणजे त्या बिचाऱ्यानं तो कागद खिशात ठेवून माफी मागितली?"

"हो."

"अन् मी चार वर्षं मनात म्हणत होते, माणूस चांगला आहे, एकदा चुकला!" ती उठली. "मी उद्याच ग्रुपवर खरं काय ते लिहिते. माझ्या नावानं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्याआधी तुम्ही जा, बाबा. आत्ता. अन् स्वतःच्या तोंडानं सांगा."

"आत्ता? पाऊस—"

"बाबा."

मी गेलो. वाटेत इंग्रजी वाक्यं घोकली. हॅरल्डनं दार उघडलं, मला बसवलं, माझा ओला कोट खुर्चीवर पसरला. मी म्हणालो, "हॅरल्ड, त्या फॉर्मबद्दल—"

त्याचा चेहरा पडला. त्यानं माझा हात धरला. "तू विषय काढलास ते बरं झालं, डॅट. मला आजही रात्री ते आठवतं. तुझं इंग्रजी बेताचं, फॉर्मवर काय लिहिलंय हे तुला कळलं नव्हतं, आणि मी नीट समजावून न सांगता सही घेतली. ते मला शोभलं नाही. मला माफ करशील?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता या माणसाला सांगायचं, की मला सगळं कळलं होतं? तेही त्यानं इतक्या मनापासून विचारलं असताना?

अर्ध्या तासानं घरी आलो तेव्हा मानसी दारातच उभी होती.

"बोललात?"

"बोललो."

"मग? मिटलं?"

"मिटलं," मी बूट काढत म्हटलं. "मी त्याला माफ केलं."