वनिताताईंचा डावा डोळा

फोन सकाळी सव्वासहाला आला. डोंबिवलीच्या स्केटिंग रिंकवर मी मुलींना वॉर्मअपला लावलं होतं, कारण आमच्या कोच वनिताताईंना कधी नव्हे तो उशीर झालेला. पलीकडे त्यांचा भाऊ होता. "कोलशेतला डंपरनं उडवलं... ताई गेली." मी एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारल्याची लाज दीड महिन्यानंतर अजूनही वाटते. "कुठल्या बाजूनं आला?" तो म्हणाला, "दुभाजक ओलांडून पाऊल टाकलं, तर डावीकडून."

डाव्या डोळ्यानं ताईंना दिसत नव्हतं. तो डोळा माझ्या वडिलांनी फोडला होता.

वनिताताई कोलशेतच्या, मिठागरावर राबलेल्या घरातल्या. आधी कबड्डी. एका चढाईत तिघींनी मिळून त्यांना आपटलं, गळपट्टीचं हाड मोडलं, तरी हात पुढे रेटून रेषेला टेकवला. मग ज्युदो, मग चाकांच्या स्केट्सवरची हॉकी. तिथे एका धडकेत गुडघा कायमचा गेला. लोकांना वाटलं, संपलं. ताई लडाखला जाऊन आइस हॉकीचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि बर्फ फक्त मासळीखाली पाहिलेल्या आम्हा मुलींना सिमेंटवर तयार करायला लागल्या. मी ठाकुर्लीहून यायचे, तेरा वर्षांची. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला नुसतं ढकललं. कोपरं सोलली, माझा एक दात पडला. "रडतंस कनाला गो? आधी पडायला शिक. उभं राहायला कोन पण शिकतं." ताई प्रेमळ होत्या असं मी लिहिणार नाही... पण घरी मार पडायचा तो वेगळा आणि हा वेगळा, हे मला तेव्हाच कळत होतं.

घरी वडील मारायचे. कारखान्यातून आले की बहुतेकदा आईला, मध्ये पडले तर मला. सोळाव्या वर्षी लडाखच्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली. त्यांची परवानगी मिळणार नव्हती, म्हणून संमतिपत्रावर त्यांची सही मीच ठोकली. ते त्यांना कळलं. संध्याकाळी ते रिंकवर आले आणि केसांना धरून, पायात स्केट्स असतानाच, मला फरफटत न्यायला लागले. ताई आडव्या आल्या. "काका, सोडा पोरीला." सोडलं नाही, तेव्हा ताईंनी त्यांना कमरेवरून उचलून सिमेंटवर आपटलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात वडिलांनी एका मुलीच्या हातातली स्टिक हिसकावली आणि ताईंच्या तोंडावर फिरवली. तो आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा होता. ताई खाली बसल्या, बोटांमधून रक्त... मग उठल्या. वडिलांना पाडून त्यांच्या छातीवर गुडघा रोवला, स्टिक उगारली आणि त्यांच्या कानाशेजारी सिमेंटवर हाणली. तिचे दोन तुकडे झाले. वडील लहान पोरासारखे ओरडले.

हॉस्पिटलात पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा ताई म्हणाल्या, "पक लागला, ती रबराची चकती. खेळात लागतं." पोलीस गेल्यावर वडिलांना आत बोलावलं. "पोर लडाखला जाईल. परत तिच्यावर, नायतर तिच्या आईवर हात उचललास, तर मना जबाब बदलता येतो." वडिलांनी त्यानंतर कधीच हात उचलला नाही. मी लडाखला गेले. गोठलेल्या तळ्यावर मी गोलकीपर होते, पक माझ्या मुखवट्यावर आदळत होता, नाकातून रक्त येत होतं, आणि कडेला डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ताई घसा फाडून शिव्या घालत होत्या. आम्ही सपाटून हरलो. पुढे जिंकायलाही लागलो. डोळ्याबद्दल मी एकदा माफी मागितली, तर म्हणाल्या, "दुसरा डोला हाय ना मना. तू गोल सांभाल."

ताई गेल्या त्या संध्याकाळी मी स्मशानातून घरी आले. वडील आता थकलेत, खिडकीशी बसून असतात. मी सांगितलं, "ताई गेल्या. डंपर डावीकडून आला." ते स्वतःच्या तोंडात मारायला लागले, दोन्ही हातांनी, जोरजोरात, ओठ फुटेपर्यंत. शेवटी आईनं त्यांचे हात धरले. मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

तेराव्यानंतर सराव पुन्हा सुरू केला. ताईंची एक सवय होती. रिंकच्या दाराशी उभं राहून, आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या हेल्मेटवर त्या स्टिकनं दोनदा ठोकायच्या. लाडानं नाही, कान वाजतील इतकं. त्यानं आतली भीती बाहेर पडते म्हणायच्या. त्या दिवशी मुली न सांगता दाराशी रांगेत उभ्या राहिल्या. माझ्या हातात स्टिक होती, आणि हात वर जाईना. माझी मनगटं वडिलांसारखी आहेत, तशीच रुंद... पहिली नऊ वर्षांची होती. मान खाली घालून थांबून थांबून तिनं वर पाहिलं. "मॅडम, मारा ना. ताई जोरात मारायच्या."

मी मारलं. दोनदा. ती हसत आत सुटली, आणि मागच्या मुलीनं मान पुढे केली.