'गेल्तो'मुळे काढलेलं गाणं

१. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी नऊ नवख्या बँडचा एक अल्बम निघतोय. मास्टरिंग, म्हणजे सगळ्या गाण्यांच्या आवाजावरचा शेवटचा हात, माझ्याकडे आहे.
२. आज सकाळी संयोजकांनी बेलापूरच्या बँडचं गाणं काढायला सांगितलं.
३. कारण, गायक 'गेलो होतो' न म्हणता 'गेल्तो' म्हणतो.

मी फोन केला. संयोजक म्हणाले, "अगं, ऐकणाऱ्यांना ती चूक वाटेल."

गायक संदीपला कळवलं, तर तो हसला. "ताई, आमची पोरं चालत्यात, आमचं बोलनं न्हाई व्हय?"

वसतिगृहातली मुलंही असंच बोलतात. त्यांच्या नावाने अल्बम विकायचा आणि त्यांचंच बोलणं अशुद्ध म्हणून कापायचं, हे काम मी करणार नाही.

संयोजक अल्बमच्या या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. गाणं ठेवणार की अल्बमवरून माझं नाव काढणार, हे शुक्रवारपर्यंत इथेच लिहून कळवा.