कळलावीच्या बुडाशी दगड

आमच्या आत्याला अख्खा पाडा दगडीआत्या म्हणायचा. भर पावसात ओच्यात दगड घेऊन ही बाई टेकडी चढायची आणि जिथे कळलावी फुललेली दिसेल तिथे तिच्या बुडाशी एकेक दगड ठेवून यायची. तलासरीच्या बाजारातसुद्धा तिची टिंगल व्हायची. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"टोक बघ आधी," ती मला दटावायची. कळलावीच्या पानाचं टोक तारेसारखं वळून शेजारच्या झुडपाला धरून असतं. फुलाच्या सहा पाकळ्या उलट्या वर गेलेल्या, कडांना चुण्या, खाली पिवळ्या नि वर लाल, चुलीतला जाळच. इतकं देखणं फूल, पण आत्याने त्याच्याकडे कधी कौतुकाने पाहिलं नाही. "फुललीय तवर वळखू येते. सुकली का मुकी."

खरं भय तेच. दिवाळीच्या सुमारास वेल सुकून नाहीशी होते, पण नांगरासारखा दोन फाट्यांचा विषारी कंद वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतो. आणि त्याच दिवसांपासून पार उन्हाळ्यापर्यंत आमची माणसं रानातले कंद खणून, उकडून खातात. आत्याच्या आईने एकदा घाईत नको तिथे खणलं आणि आत्याची धाकटी बहीण गेली. तेव्हापासून हा दगडांचा नेम. दगड दिसला की तिथे कुणी कुदळ मारत नसे, चिडवणारेसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात भरावासाठी टेकडी खणायला मशीन आलं. आत्या आडवी उभी राहिली. "माती न्या रं, पण कुठं टाकता ते तरी सांगा!"

ड्रायव्हर हसला. "मावशी, जिसको चाहिए उसको."

दगड एकीकडे गेले, माती दुसरीकडे. आत्याने अंथरूण धरलं आणि पावसाआधीच ती गेली. माझी आईच गेली असं मला वाटलं.

तिचे दिवस झाले आणि एका संध्याकाळी बायको खुशीत म्हणाली, "परसात हळद लावायला खणत होते, तर कंदच निघाले. आता रानात जायला नको." ती किनाऱ्यावरच्या धाकट्या डहाणूची, मासळीवर वाढलेली, कंदाचं तिला काय कळणार? पातेलं चुलीवर होतं. मी झाकण काढलं. आतल्या कंदांना दोन-दोन फाटे होते.

पातेलं उकिरड्यावर पालथं करून अंगणात आलो, तर घरोघर चुली पेटलेल्या. टेकडीच्या मातीचा भराव तर सगळ्यांनीच परसात घेतला होता.

"खणलेलं खाऊ नका!" आत्यासारखाच ओरडत मी धावत सुटलो.