भिकनची कानटोपी

लिहायला बसलो खरा, पण संकोच वाटतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नाही, सगळे अंगठेच. भडगावकडच्या एका खेड्यातून मी धुळ्याला कॉलेजात आलो आणि दुपारनंतर एका लोकरी कपड्यांच्या दुकानात सेल्समनचं काम करू लागलो. एवढ्याशा अनुभवावर चार माणसांनी वाचावं असं काही लिहिणं हा आगाऊपणाच. वाचकांनी तो पदरात घ्यावा.

तर त्या दिवशी आबा एकामागून एक टोप्या नाकारत होते. आबा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे एक शेतकरी. आपल्या लहान मुलासाठी त्यांना लोकरीची कानटोपी हवी होती. मुलाची छाती कफानं भरली होती. इथल्या डॉक्टरांनी औषध देऊन सांगितलं होतं, डोकं आणि कान उबेत ठेवा, लोकरच वापरा.

हिवाळ्यातलं ऊन दारातून आडवं येऊन काउंटरवर पडलं होतं. त्यात लोकरीचे तंतू तरंगत होते. ते बघताना मला नेहमी तंद्री लागे.

लहान मुलांची टोपी गिऱ्हाइकाला सपाट दाखवत नाहीत. सपाट टोपी म्हणजे नुसतं कापड. ती मुठीवर चढवायची आणि मूठ सावकाश फिरवायची. मग मुठीचं डोकं होतं. आईबापांना त्यात आपलं मूल दिसतं. शेठनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

आबांनी डोक्याचं माप काळ्या दोऱ्याला गाठ मारून आणलं होतं.

"बोटभर मोठी घ्या, आबा," मी म्हणालो. "पुढल्या हिवाळ्यातही होईल."

"पुढला हिवाया कोनी देखेल शे?" ते हळूच म्हणाले.

मी निळी दाखवली. मग पिवळी, गोंड्याची, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली. आतून हात फिरवून दाखवला, टोचत नाही म्हणून. आबा माझ्या मुठीकडे एकटक बघत राहायचे आणि मान हलवायचे.

"चांगली शे. पन जुनी नही का, भाऊ? एखादी वापरेल?"

मला वाटलं, वापरलेली म्हणजे त्यांना स्वस्तातली हवी असेल. मी साधी करडी टोपी काढली.

"हाई बी कोरीच शे," ते म्हणाले.

गादीवरून शेठ ओरडले, "जुनी? इथं काय मेलेल्यांचे कपडे विकतो आम्ही?"

आबांचा चेहरा उतरला. दोरा खिशात घालून ते दाराकडे निघाले.

"भिकन, टोप्या गोळा कर," शेठ म्हणाले.

आबा पायरीवरच थांबले. मागे वळले.

"कोन भिकन?"

"मी," मी म्हणालो.

कॉलेजात हजेरीला हे नाव पुकारलं की मागच्या बाकांवर हसू फुटतं. मी खाली बघतो. इथे हसणारं कुणी नव्हतं. आबा पुन्हा काउंटरशी आले. माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच एखादा माल आहे आणि तोच त्यांना हवा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत. मी झालो तेव्हा आईनं पाच घरांतून जुनी कापडं मागून आणली, त्यांचं अंगडं शिवलं आणि नाव भिकन ठेवलं. म्हणजे भीक मागून आणलेला. असलं पोर नेऊन काय करायचं, असं देवाला वाटावं म्हणून.

"घरी तसंच आहे का, आबा?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. असं तोंडानं बोलू नये, म्हणून ते इतका वेळ बोलले नव्हते.

"गावमा गोधडीना तुकडा कोनी बी दी. लोकरनी टोपी कोनाकडे ऱ्हास?"

मी शेठना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरे, मी कोरा माल देणार. फुकट दिला तरी कोराच," ते म्हणाले.

"आबांनी ती विकत घेऊन मला द्यावी," मी चाचरत म्हणालो. "मी वापरतो. मग त्यांनी माझ्याकडून मागून न्यावी."

आबांनी निळी निवडली, बोटभर मोठी. मी ती डोक्यावर ठेवली. ती टाळूवरच बसली.

"नारळावर वाटी!" शेठ हसले. "आता तसाच गिऱ्हाईक बघ."

ऊन उतरेपर्यंत मी तशीच टोपी घालून काम केलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आबा पायरीवर बसून होते. टाळूवर ऊब जमत गेली. ते अंगडं मला आठवण्याचं कारण नाही, तरी आठवल्यासारखं वाटलं: पाच रंगांचं, धुराचा वास असलेलं, कुणाकुणाच्या घरचं.

मग आबा उठले. त्यांनी उपरण्याचा पदर पसरला.

"भिकनभाऊ, मना पोऱ्याले टोपी दे."

मी टोपी पदरात घातली. मुलाचं नाव विचारलं.

"आजून ठेयेल नही," ते म्हणाले आणि एस.टी. गाठायला निघून गेले.

मुठीनं माल दिसतो, पण गिऱ्हाइकाचं बोलणं दोनदा ऐकल्याशिवाय मूठ उचलू नये, एवढंच मी त्या दिवशी शिकलो. शेठच्या मते मी गिऱ्हाइकांना हसवायला शिकलो.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या बाजूची एस.टी. दिसली की मी बघत राही, पण विचारायचा धीर होत नसे. नव्या हिवाळ्याचा माल आला. डांबराच्या गोळ्यांचा वास झटकत मी टोप्या मांडत होतो, तेव्हा त्या गाडीचा कंडक्टर दारात आला.

"भिकन कोन?"

"मी."

"आबाना निरोप शे. भिकन पयी ऱ्हायना. टोपी आते बरोबर व्हस, पन डोकावर ऱ्हाऊच देत नही, फेकी देस."

"मी कुठे पळतोय?" मी गोंधळून विचारलं.

"तू नही रे," तो हसला. "तो धाकला. तुनंच नाव ठेयेल शे."