लालीने अडवलेली जत्रा

आमच्या व्हाल्देरोमेरो गावची जत्रा सान रोके या संताची, भर ऑगस्टातली. पंचायतीच्या सज्जातून मानाचं माणूस भाषण करतं आणि शेवटी आरोळी देतं. खालून गावाने तीच आरोळी परत दिली की बँड वाजतो, वाइनची पिंपं उघडतात. त्याआधी घोटभर जरी प्यायलं तरी वर्ष वाईट जातं, असं म्हातारी माणसं मानतात. आणि आमच्या गावात सगळी म्हातारीच आहेत.

त्या वर्षी तो मान लालीला मिळाला. लाली म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. खरं नाव एउलालिया, पण ते उच्चारून होईपर्यंत तिचं इंजेक्शन देऊन झालेलं असायचं! डॉक्टर आठवड्यातून एकदा डोकावायचा, बाकी सगळा कारभार लालीचा. पण केस पिकले तरी बाई नोकरीत कायम नव्हती. शुक्रवारी तिचा करार संपायचा, सोमवारी नवा व्हायचा. मधल्या दोन दिवसांचा पगार नाही, आणि सोमवारी बोलावणं येईलच याचा भरवसा नाही. त्यात सप्टेंबरपासून जागाच बंद होणार अशी कुणकुण लागली. आरोग्य खात्याचे संचालक फेर्मिनसाहेब तिचा फोन घेत नव्हते. जत्रेला मात्र पाहुणे म्हणून सज्जात हजर!

लाली झकास बोलली. देवाबद्दल बोलली, बँडमास्तर कास्तोच्या ढेरीबद्दल बोलली. आम्ही पेले धरून तयार. आणि बाई थांबली.

"आरोळी राहिली," सरपंच एर्मिनियो कुजबुजला. माइक चालू होता, सगळ्या गावाला ऐकू आलं.

"ठाऊक आहे. आधी साहेबांनी सांगावं, सप्टेंबरात या गावाला नर्स आहे की नाही."

साहेब हसले. "अहो बाई, ही काय जागा झाली? ऑफिसात या."

"ऑफिसात तुम्ही सापडत नाही. इथे सापडलात."

खालून बेनितो खाटीक ओरडला, "लाली, वाइन कोमट होतेय गं!"

"बेनितोकाका, पाय बरा केलाय ना तुमचा? मग राहा जरा उभे!"

हशा पिकला. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "बरं, वर्षभराचा करार देतो तुम्हाला. झालं?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, तहानेने जीव चालला होता माझा. लाली हलली नाही. "आणि पुढच्या वर्षी? जागा कायमची करा, परीक्षा जाहीर करा. मी बसेन, ज्यांना बसायचं ते बसतील. मी नापास झाले तर येईल त्या पोरीला गावातलं घरन् घर मीच दाखवीन."

साहेब वैतागले. "सरपंच, तुम्हीच द्या ती आरोळी!"

एर्मिनियोने छाती फुगवली. "सान रोकेचा विजय असो!"

खालून चकार शब्द नाही. चर्चवरची कबुतरं तेवढी उडाली. पहिल्या रांगेतून त्याची आईच म्हणाली, "एर्मिनियो, गप बस. तुझा मान नाही तो." कास्तोने ट्रम्पेट पिशवीत घातलं आणि पायरीवर बसकण मारली. मग हळूहळू सगळा चौकच खाली बसला.

साहेबांनी चौकाकडे पाहिलं, माइक ओढला. "हिवाळ्याच्या आत परीक्षा जाहीर होईल."

"कोण सांगतंय? नाव घेऊन सांगा."

साहेबांनी आडनावासकट नाव घेतलं. तेव्हा कुठे लालीने आरोळी दिली, आणि आमचा आवाज पलीकडच्या गावात गेला म्हणतात.

परीक्षेला लाली लेकीच्या वयाच्या पोरींत बसली. ताप मोजता मोजता ती आम्हालाच प्रश्न विचारायला लावायची. अर्ध्या गावाला मूत्रपिंडाचं काम पाठ झालं. तिचा नंबर दुसरा आला. जागा निवडायला बोलावलं तेव्हा कारकून म्हणाला, "बाई, शहरातलं मोठं इस्पितळही मिळेल तुम्हाला."

लाली म्हणाली, "व्हाल्देरोमेरो लिहा. आणि पुढे 'कायम' लिहा, ठळक."